तपासणीच्या वहीतील सही

आपल्या जिल्ह्यातील खेड्यांच्या मंडळ्यांतून दरवर्षी काही तरुण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शिक्षण पुरे करून पोटापाण्यासाठी बाहेर पडतात. कोणी कारखान्यात जातो, कोणी विजेच्या कामावर लागतो, आणि कोणास एखाद्या रुग्णालयाच्या देखभाल खात्यात मदतनीस मिस्त्रीची जागा मिळते. ही जागा त्या खात्यातील अगदी खालची होय. तिच्यावर असलेल्या माणसास रुग्ण ओळखत नाहीत व डॉक्टर नावाने हाक मारीत नाहीत. 'मेंटेनन्सवाला' एवढीच त्याची ओळख. त्याच्या खिशात टेस्टर व पक्कड असते, आणि काखेत एक वही असते. त्या वहीविषयी आज आम्ही लिहीत आहोत.

वहीत रकाने आखलेले असतात. तारीख, वेळ, जनरेटरच्या टाकीतील डिझेल, बॅटरीची स्थिती, प्राणवायूच्या नळीतील दाब, आग विझविण्याच्या नळकांड्यांवरील काटा, पाण्याची टाकी, आणि सर्वांच्या शेवटी सही. मदतनीसाने फेरी करावी, प्रत्येक वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी आणि मगच रकाना भरावा, असा नियम असतो. परंतु माणसे थोडी व कामे फार. नळ तुंबल्याची ओरड एकाच वेळी चार खोल्यांतून येते. अशा वेळी वरचा मनुष्य म्हणतो, "अरे, कालच्यासारखेच असेल, भरून टाक." मदतनीस 'ठीक' असे लिहितो व सही करितो. दुसऱ्या दिवशी पाहावे तो खरोखर सर्व ठीकच असते. तिसऱ्या दिवशीही असते. मग फेरी करण्याचे काही कारणच उरले नाही असे मनास वाटू लागते, आणि महिन्याच्या अखेरीस एका बैठकीत तीस दिवसांचे रकाने एकाच शाईने भरले जातात.

येथे प्रश्न असा उत्पन्न होतो की, हे पाप आहे काय? आणि असल्यास ते कोणाचे? ज्याने लिहिले त्याचे, ज्याने लिहावयास सांगितले त्याचे, की ज्याने पुरेशी माणसे नेमली नाहीत त्याचे? प्रश्न लहान दिसतो. परंतु आपल्या तरुणांस तो रोज पडतो, आणि सुटीस घरी आल्यावर त्यांतील एखादा उपदेशकास एकीकडे घेऊन हळूच विचारतो. त्यास "देवाला सर्व दिसते" एवढे सांगून वाटेस लावणे बरे नव्हे. उत्तर विचार करून दिले पाहिजे.

त्यासाठी ते काम काय आहे हे प्रथम समजून घेऊ. आपल्या खेड्यात वीज गेली तर आपण बॅटरी किंवा कंदील शोधितो आणि थोडा वेळ गैरसोय सोसतो. रुग्णालयात वीज गेली असता श्वासयंत्रावर असलेल्या रुग्णास तेवढा अवकाश नसतो. तेथे जनरेटर काही क्षणांत सुरू झालाच पाहिजे. तो सुरू होतो किंवा होत नाही, हे त्या घटकेस ठरत नसते. ते आठवडाभर आधी ठरलेले असते. बॅटरीच्या टोकांवर पांढरा क्षार चढला होता तो कोणी पुसला काय, टाकीतील डिझेल कोणी काठी बुडवून पाहिले काय, यंत्र दर आठवड्यास थोडा वेळ चालवून भार घेते की नाही हे कोणी तपासले काय, ह्यावर ते अवलंबून असते. दहा कुमारींच्या दाखल्यात पाच जणींच्या हाती दिवे नव्हते असे नाही. दिवे दहाही जणींजवळ होते. तेल पाच जणींजवळ होते. आणि वराच्या येण्याची हाक झाल्यावर तेल आणावयास जाणे फुकट गेले.

शस्त्रक्रियेची हत्यारे ज्या यंत्रात वाफेने शुद्ध करितात, ज्यास ऑटोक्लेव्ह म्हणतात, त्यात वाफेची उष्णता सुमारे १२१ अंश सेंटिग्रेडपर्यंत जावी लागते व तितकीच ठराविक वेळ टिकावी लागते. दाराचे रबरी कडे फाटलेले असेल तर वाफ निसटते. हत्यारे बाहेर येतात ती दिसावयास चकचकीतच असतात, पण शुद्ध झालेली असतीलच असे नाही. भिंतीवरील प्लगच्या बोर्डात एखादा स्क्रू सैल झाला तर तारेचा स्पर्श अपुरा होतो, तेथे विजेस अडथळा होऊन उष्णता वाढते, तारेवरील आवरण प्रथम तपकिरी होते, मग वितळते, आणि एखाद्या दिवशी पेट घेते. प्राणवायूच्या नळीस व सिलिंडरच्या तोंडास तेलाचा किंवा ग्रीसचा हात लावू नये, कारण दाबाखालील शुद्ध प्राणवायूत तेल आपोआप पेटू शकते. आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्यात प्राणवायूचा भाग शेकडा सुमारे २१ असतो; ज्या खोलीत तो गळून वाढलेला असतो तेथे चादर व गादी ही किती वेगाने जळतात ह्याची कल्पना आपल्या चुलीच्या अनुभवावरून येणार नाही.

ह्यावरून दिसेल की, ह्या कामाचे फळ काहीतरी न घडणे हे आहे. डॉक्टरने ताप उतरविला तर तो उतरलेला दिसतो. मदतनीसाने स्क्रू आवळला तर आग लागली नाही, एवढेच होते. आणि न लागलेली आग कोणास दिसत नाही. ह्याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्याचा जो प्रकल्प उभारिला, त्यात खेड्यांतील अशिक्षित स्त्रियांस आरोग्यसेविका होण्यास शिकविले. त्या बहिणी बाळंतिणीकडे जाऊन पाहत, पाणी स्वच्छ ठेवण्यास सांगत, मुलाचे वजन करीत. त्यांच्या हातून जी मुले आजारी पडली नाहीत ती कोणत्याही रुग्णालयाच्या वहीत नोंदलेली नाहीत. जे त्या बहिणींनी माणसांच्या शरीरासाठी केले, तेच देखभाल खात्यातील मनुष्य रुग्णालयाच्या शरीरासाठी करितो.

परंतु येथे आपल्याच लोकांकडून एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. पुष्कळ घरांतून आम्ही ऐकितो की, मुलगा रुग्णालयात लागला हे सांगण्यास आनंद वाटतो. पण तेथे काय करितो असे कोणी विचारिले की आईबाप गप्प बसतात. आपल्या मंडळ्यांतील बहुतेक कुटुंबांच्या पूर्वजांनी बलुत्याच्या भाकरीसाठी गावची पडेल ती कामे केली. वेशीची राखण, सरकारी टपाल पुढल्या गावास पोचविणे, मेलेली गुरे ओढणे, हे सर्व त्यांच्या जन्माबरोबरच त्यांच्या अंगावर टाकिले गेले. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ सालच्या कायद्याने रद्द झाली, तरी त्या दिवसांची आठवण आमच्या वृद्धांच्या अंगात अद्याप आहे. म्हणून ते म्हणतात, "आम्ही पोराला शिकविले ते हात काळे करण्यासाठी काय?"

ह्या बोलण्यातील दुःख खरे आहे, आणि त्याची थट्टा कोणी करू नये. परंतु त्या जुन्या चाकरीत वाईट काय होते हे नीट पाहिले पाहिजे. राखण करणे वाईट नव्हते. गाव निजला असता एकाने जागे राहणे ही चांगलीच गोष्ट आहे. वाईट हे होते की, ती चाकरी जन्मावरून लादलेली होती, तिला नकार देण्याची मोकळीक नव्हती, आणि जो गावास राखी त्यास गाव शिवत नसे. आपण त्या जुलमास सोडून आलो. हाताच्या कामास सोडून आलो नाही. आपल्या नगर शहराचाच इतिहास पाहा. अमेरिकन मराठी मिशनचे काम येथे १८३१ साली सुरू झाले. त्या मिशनने शाळा काढिल्या, तशीच सर दिनशॉ माणेकजी पेटिट ह्यांच्या नावाची औद्योगिक शाळाही चालविली, आणि तीत मुलांनी लाकूडकाम व धातुकाम शिकावे अशी व्यवस्था केली. विसाव्या शतकाच्या आरंभी चर्चिल नावाचे मिशनरी, जे शिक्षणाने यंत्रशास्त्रज्ञ होते, त्यांनी विणकरांच्या हातमागात सुधारणा करण्यासाठी नगरात बसून वर्षानुवर्षे खटपट केली. शास्त्राचा अभ्यास व हत्याराची ओळख ही एकमेकांस विटाळ करीत नाहीत, हा धडा त्या जुन्या मंडळींनी घालून दिला आहे. आणि त्याहून मोठा धडा तर निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात आहे. पवित्र शास्त्रात देवाच्या आत्म्याने भरलेला म्हणून आरंभी ज्याचे नाव येते, तो बसालेल संदेष्टा नव्हता व याजकही नव्हता. तो सोने, पितळ, दगड व लाकूड ह्यांचे काम करणारा कारागीर होता.

तेव्हा काम नीच नाही. पण काम नीच नाही एवढे म्हणून आपला प्रश्न सुटत नाही. उलट तो अधिक गंभीर होतो. काम जितके मोलाचे, तितकी त्यातील खोटी सही जड.

ती किती जड असू शकते हे २०२१ ह्या एका वर्षात आपल्या महाराष्ट्राने पाहिले. त्या वर्षाच्या ९ जानेवारीस मध्यरात्रीनंतर भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागास आग लागून १० तान्ही मुले दगावली. २१ एप्रिलास नाशिक येथील डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीस गळती लागून पुरवठा तुटला व त्या दिवशी २२ रुग्ण मरण पावले. आणि ६ नोव्हेंबरास, भाऊबिजेच्या दिवशी, आपल्याच अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागास आग लागली व करोनाच्या रोगाशी झगडत असलेले ११ रुग्ण मेले. शहरास व जिल्ह्यास आता, २०२४ सालापासून, अहिल्यानगर हे नाव आहे; परंतु ज्या घरांतील माणसे त्या दिवशी गेली त्या घरांस तो दिवस कोणत्याही नावाखाली विसरता येणार नाही. बहिणी ओवाळण्याचे ताट घेऊन वाट पाहत असतील, आणि घरी निरोप तो असा आला.

ह्या तीन ठिकाणी दोष कोणाचा होता हे ठरविणे आमचे काम नव्हे. आणि अमुक एका वहीतील खोट्या सहीमुळे हे झाले असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ह्या उदाहरणांवरून आम्हास एवढेच दाखवावयाचे आहे की, नळीचा जोड, विजेची तार, बाहेर पडण्याची वाट, आग विझविण्याचे साधन, ह्या वस्तू रुग्णालयात भिंतीच्या कोपऱ्यातील क्षुल्लक वस्तू नाहीत. त्यांच्यावर माणसांचे प्राण टांगलेले असतात. आणि ती माणसे अशी असतात की ज्यांना उठून पळता येत नाही.

आता सहीचा विचार करू. सही म्हणजे काय? पुष्कळांस वाटते की सही म्हणजे काम संपल्याची खूण, हजेरीसारखी. आमचे म्हणणे असे की, तपासणीच्या वहीतील सही ही साक्ष आहे. जो सही करितो तो म्हणतो, "मी तेथे गेलो, मी पाहिले, आणि ते असे होते." न्यायालयातील साक्षीदार ह्याहून निराळे काय सांगतो? फरक इतकाच की न्यायालयातील साक्ष झालेल्या गोष्टीविषयी असते व तिची उलटतपासणी होते. वहीतील साक्षीवर मात्र परिचारिका, डॉक्टर व रुग्णाचे नातलग निमूटपणे भरवसा ठेवितात, कारण त्यांना स्वतः जाऊन पाहण्याची सवड नसते व कित्येकांस कळतही नाही. तेव्हा दहा आज्ञांपैकी ज्या नवव्या आज्ञेने शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई केली आहे, ती आज्ञा ह्या रकान्यास लागू पडते. आणि शेजारी कोण, हे विचारण्याची गरज नाही. ज्या शास्त्र्याने तो प्रश्न प्रभूस विचारिला त्यास उत्तर म्हणून रस्त्यावर पडलेला एक जखमी मनुष्य दाखविण्यात आला. येथे तो खाटेवर पडलेला आहे.

ह्यावर चार सबबी सांगण्यात येतात. पहिली अशी की, "माझ्या मनात कोणाचे वाईट करण्याचे नव्हते." हे खरे असेल. पण खोट्या साक्षीस द्वेषाची जरुरी नसते, आळसही पुरतो. ज्यास मी मारू इच्छीत नाही त्याचे मरण माझ्या निष्काळजीपणाने येऊ शकते, हे मोशेच्या नियमशास्त्रास ठाऊक होते. दुसरी सबब, "सर्वच असे करितात." जेथे सर्वच खोटे लिहितात तेथे वही असून नसल्यासारखी होते, नव्हे, नसल्याहून वाईट होते; कारण वही नसती तर निदान कोणी तरी भिऊन पाहावयास गेले असते. तिसरी सबब, "आजवर काही झाले नाही." ज्या यंत्राचे कामच वर्षातून एकदा पडते त्याविषयी हे बोलणे व्यर्थ आहे. ज्या विहिरीस कठडा नाही तीत काल कोणी पडले नाही, म्हणून आज पोर पडणार नाही असे कोणती आई म्हणेल?

चौथी सबब सर्वांत जड आहे. "मला वरच्याने सांगितले. मी नाही म्हटले तर उद्या माझी जागा जाईल. मी कंत्राटावरचा माणूस. दाराबाहेर दहा जण उभे आहेत." हे बोलणे ऐकून जो पाळक किंवा उपदेशक ताबडतोब धैर्यावर प्रवचन करू लागेल त्याने आधी त्या मुलाच्या घरची चूल पाहून यावी.

ह्या सबबीचे उत्तर देण्यासाठी पवित्र शास्त्रातील दोन स्थळे शेजारी शेजारी ठेविली पाहिजेत. पहिले स्थळ अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील आठवे वचन. तेथे नवे घर बांधणाऱ्यास आज्ञा आहे की धाब्यास कठडा घालावा, नाहीतर कोणी वरून पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल. आपल्या दुष्काळी भागात धाब्याची घरे अद्याप आहेत, उन्हाळ्यात आपण वर निजतो, म्हणून ही आज्ञा आपल्यास समजावून सांगण्याची जरुरी नाही. पण ती कोणास केली आहे हे पाहा. ती घरधन्यास आहे. कठडा घातला नाही ह्याचा दोष गवंड्यावर किंवा पाणी वाहणाऱ्या मजुरावर टाकिलेला नाही. ज्याच्या हातात पैसा व अधिकार आहे, माणसे नेमणे व साधने विकत घेणे हे ज्याच्या हाती आहे, त्याने ते केले नाही तर त्याचा दोष त्याच्याच घरावर आहे. खालच्या माणसास पकडून वरच्याने हात धुवावे, हे ह्या आज्ञेस मान्य नाही.

दुसरे स्थळ यहेज्केलाच्या तेहेतिसाव्या अध्यायातील पहारेकऱ्याचे. तलवार येत आहे असे पाहूनही ज्या पहारेकऱ्याने शिंग वाजविले नाही, त्याच्यापाशी मेलेल्यांच्या रक्ताचा जाब मागितला जाईल. परंतु त्याने शिंग वाजविले आणि लोकांनी ऐकूनही मनावर घेतले नाही, तर तो मोकळा झाला. दोष न ऐकणाऱ्यांचा. पहारेकऱ्यास सैन्य उभे करावयास सांगितले नाही, तट बांधावयास सांगितले नाही. त्याने पाहावे व जे पाहिले ते ऐकू जाईल असे सांगावे, एवढेच त्याचे काम.

ही दोन स्थळे मिळून आपल्या प्रश्नाचे उत्तर देतात. कठडा धन्याचा, शिंग पहारेकऱ्याचे. मदतनीसाने नवा जनरेटर आणावा असे देव त्यास सांगत नाही. जुना बिघडला आहे हे लपवू नये असे सांगतो. धन्याने पैसा खर्च केला नाही ह्याचा जाब मदतनीसास द्यावा लागणार नाही; पण 'ठीक' हा शब्द त्याने स्वतःच्या हाताने लिहिला असेल, तर त्या शब्दाचा जाब त्याचा त्यालाच आहे, कारण शिंग मुके करणारा तोच आहे. आणि ज्या वरच्या माणसाने तसे लिहावयास लाविले त्याच्यावर दोन दोष येतात, एक कठडा न घातल्याचा व दुसरा पहारेकऱ्याच्या तोंडावर हात ठेविल्याचा. कलस्सैकरांस पत्र लिहिताना पौल दासांस सांगतो की धन्याच्या डोळ्यांदेखत तेवढी चाकरी करू नका. पण त्यानंतर लगेच धन्यांसही बजावितो की न्यायाने व समतेने वागा, कारण तुम्हालाही वर धनी आहे. त्या पत्राचा एकच अर्धा भाग गरिबांस वाचून दाखविणारे उपदेशक पुष्कळ झाले. दोन्ही अर्धे वाचिले पाहिजेत.

आपल्या ज्या बापांचे पूर्वज गावचे जागले होते, त्यांच्या मुलांस हे पहारेकऱ्याचे काम पुन्हा मिळावे, आणि ह्या वेळी जन्माच्या बेडीने नव्हे, तर शिक्षणाने, पगाराने व स्वतःच्या विवेकाने मिळावे, ह्यात लाज ती कोणती?

आता व्यवहाराची गोष्ट. नव्याने ह्या कामास लागलेल्या तरुणाने पुढील गोष्टी मनात ठेवाव्या. न पाहिलेल्या वस्तूपुढे 'ठीक' लिहू नये. 'पाहिले नाही' असे लिहिण्यास एक शब्द अधिक लागतो, पण तो खरा असतो. दोष दिसला तर वहीत तारीख व वेळ घालून लिहावा, आणि वरच्यास तोंडी सांगून शिवाय कागदावरही कळवावा, तो नम्र भाषेत, कोणावर आरोप न करिता. "जनरेटरची बॅटरी सकाळी दोन वेळा लागली नाही" एवढे वाक्य पुरे. "कोणी लक्ष देत नाही" हे वाक्य नको. जे काम येत नाही ते येते असे भासवू नये. चालू विजेच्या तारेस किंवा प्राणवायूच्या जोडास अर्धवट ज्ञानाने हात घालणे हेही खोट्या साक्षीचेच भावंड आहे, कारण तो हात म्हणतो, "मला कळते." नवशिक्यास न येणे हा दोष नाही, न विचारणे हा दोष आहे. जो मिस्त्री दहा वर्षे ते काम करीत आहे त्याच्या मागे पाना घेऊन उभे राहावे व पाहावे. प्लग हातास ऊन लागतो काय, बोर्डावर तपकिरी डाग आहे काय, जळक्या रबराचा वास येतो काय, पंपाचा आवाज कालच्याहून निराळा आहे काय. ह्या खुणा पुस्तकापेक्षा जुन्या हाताजवळ अधिक लवकर शिकावयास मिळतात.

आणि ज्यांच्या हाती कठडा आहे त्यांसही दोन शब्द. आपल्या ख्रिस्ती संस्थांची रुग्णालये ह्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या सेवा करीत आली आहेत. नगरातील मुक्तिफौजेच्या इव्हँजेलिन बूथ रुग्णालयाने २०२० सालच्या महामारीत रोग्यांस दार उघडे ठेविले, हे जिल्हा विसरणार नाही. परंतु सर्वच संस्थांत एक दुबळेपणा असतो. नव्या इमारतीसाठी वर्गणी मागितली तर मिळते, कारण नव्या इमारतीवर पाटी लागते. जुन्या तारा बदलण्यासाठी मागितली तर कोण देतो? दुसऱ्या राजांच्या पुस्तकात योवाश राजाच्या काळची हीच तक्रार आहे. मंदिराच्या डागडुजीसाठी पैसा येत होता, तरी राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत डागडुजी झाली नाही. शेवटी याजकांच्या हातून तो पैसा काढून एका पेटीत टाकण्यात येऊ लागला, आणि तो थेट सुतार, गवंडी व पाथरवट ह्यांस देण्यात आला. तेथे एक गोष्ट लिहिली आहे ती प्रत्येक देखभाल खात्याच्या भिंतीवर शोभेल. त्या कामगारांपाशी कोणी हिशेब मागत नसत, कारण ते सचोटीने वागत. याजकांसाठी पेटीस कुलूप लागले, आणि डागडुजी करणाऱ्यांचा शब्दच हिशेब ठरला.

आता राहिली मंडळी. खऱ्या सहीसाठी एखाद्या तरुणाची जागा गेलीच, तर मंडळीने काय करावे? त्याचे कौतुक करून स्वस्थ बसावे काय? हुतात्म्यांच्या गोष्टी आपण मोठ्या आवडीने ऐकितो; पण आपल्या वस्तीत कोणी सत्यासाठी पगार गमाविला तर त्याच्या घरी ज्वारीची पायली घेऊन किती जण जातात? जी मंडळी आपल्या तरुणास "खरे लिही" असे सांगते, तिने त्याला दुसरे काम मिळेपर्यंत त्याच्या घरचा भार वाटून घेण्याची तयारी ठेविली पाहिजे. नाहीतर आपण त्यास एकट्याला धाब्याच्या काठावर उभे करून, कठडा न घालता, उपदेश करीत आहो असे होईल. सुगीच्या सणाच्या वेळी वेदीपुढे धान्य आणितो, त्यातील एक पोते ह्यासाठी वेगळे ठेविता येईल. उपदेशक बंधूंनी हा विषय पंचांच्या सभेत काढावा अशी आमची विनंती आहे.

बंधूभगिनींनो, प्रार्थनेच्या वेळी आपण डॉक्टरांसाठी व परिचारिकांसाठी प्रार्थना करितो, आणि ते योग्यच आहे. ह्यापुढे ज्यांच्या हाती पाना व वही आहे त्यांचीही नावे घ्यावी. रात्री दोन वाजता एखादे मूल काचेच्या पेटीत श्वास घेत असते, त्याची आई बाहेर बाकावर डोके टेकून निजलेली असते, आणि जिन्याखालच्या खोलीत कोणी एक तरुण, ज्यास कोणी पाहत नाही, दाबाचा काटा पाहून वहीत खरा आकडा लिहितो. तो आकडा खरा आहे म्हणूनच ती आई निजू शकते. प्रभू आपल्या मुलांस तो खरा आकडा लिहिण्याची बुद्धी देवो, आणि तो लिहिणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याचे बळ आपल्या मंडळ्यांस देवो.